बावीस वर्षांचा अनभिषिक्त सम्राट

पिरेनीज पर्वताच्या पश्चिम टोकाला, स्पेन आणि फ्रान्स या दोन देशांत विभागलेल्या बास्क प्रदेशात भिंतीशिवाय गाव सापडणे कठीण. ही भिंत घराची वा किल्ल्याची नव्हे, तर पेलोटा या खेळाची. भिंतीवर चेंडू मारायचा आणि परतून आलेला चेंडू प्रतिस्पर्ध्याने टोलवायचा, इतका हा खेळ सोपा वाटतो. कुणी तो वेताच्या वाकड्या टोपलीने खेळतो, कुणी लाकडी फळीने. मात्र बास्क माणसाच्या लेखी खरा मान उघड्या हाताने खेळणाऱ्याचा. या प्रकारात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धावर ज्याने अधिराज्य गाजवले, तो मारियानो हुआरिस्ती अर्थात 'अतानो तिसरा'.

त्याचा जन्म १९०४ साली गिपुस्कोआ प्रांतातील अस्कोइतिया या गावी झाला. अतानो हे घराण्याचे नाव. एकाच घरातले अनेक भाऊ मैदानात उतरू लागले, तेव्हा राजघराण्याप्रमाणे त्यांना क्रमांक लावण्याची पाळी आली. मारियानोच्या वाट्याला तिसरा क्रमांक आला आणि तोच अजरामर झाला.

हाताच्या पेलोटातील चेंडू शंभर ग्रॅमहून थोडा जड असतो. आत रबर, त्यावर लोकरीचे घट्ट धाग्याचे वेटोळे आणि वरून चामडे. दगडासारखा हा चेंडू सामन्यात शेकडो वेळा तळहातावर आदळतो. हात सुजतात, रक्त साकळते. सुजलेल्या हातांमुळे सामने पुढे ढकलावे लागणे ही या खेळातील नित्याची बाब आहे. अशा खेळात धिप्पाड माणसाचे फावते, असा सर्वसाधारण समज. अतानो तिसरा मात्र चणीने लहान होता. ताकदीची उणीव तो चपळाईने आणि डोक्याने भरून काढी. मैदानाची डावी भिंत हे त्याचे शस्त्र. प्रतिस्पर्धी जिथे नाही, नेमका तिथे चेंडू पाठवण्याची त्याची हातोटी विलक्षण होती.

१९२६ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी त्याने त्या काळचा नामांकित खेळाडू मोंद्रागोनेस याला नमवले आणि एकेरीतील सर्वश्रेष्ठ खेळाडू हा मान मिळवला. गंमत अशी की, तेव्हा अधिकृत अजिंक्यपद स्पर्धा अस्तित्वातच नव्हती. आव्हान द्यायचे, पैजा लावायच्या आणि जिंकेल तो श्रेष्ठ, असा रोखठोक व्यवहार होता. मधल्या काळात स्पेनमध्ये यादवी युद्ध भडकले, ते १९३९ मध्ये संपले; अतानोचे स्थान अबाधित राहिले. १९४० मध्ये पेलोटा महासंघाने व्यावसायिक खेळाडूंसाठी एकेरीची अधिकृत स्पर्धा सुरू केली. विजेत्याच्या डोक्यावर 'चापेला' म्हणजे बास्क टोपी चढवण्याचा मान या स्पर्धेत सर्वांत मोठा मानला जातो. पहिली टोपी अतानोनेच पटकावली. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता.

त्याच्यावर अन्याय झाला तो इथेच. विक्रमांची वही १९४० पासून उघडते आणि स्पर्धा सुरुवातीला दर दोन वर्षांनी होई. साहजिकच ऐन उमेदीची चौदा वर्षे कागदावर आलीच नाहीत. पुढे नवार प्रांतातील हुलियन रेतेगी याने १९८० ते १९९३ या काळात अकरा वेळा अजिंक्यपद मिळवले. रेतेगीची थोरवी वादातीत आहे, पण केवळ आकड्यांची तुलना करणाऱ्याला अतानो तिसरा कळणार नाही.

१९४८ ची अंतिम लढत बेर्गारा येथे झाली. समोर होता एइबारचा मिगेल गायास्तेगी, उंचापुरा, बळकट आणि चौदा वर्षांनी तरुण. एकेरीचा सामना बावीस गुणांचा असतो. बावीस वर्षे टिकवलेले राज्य अतानोने याच सामन्यात गमावले. चव्वेचाळीस वर्षांच्या खेळाडूने अंतिम फेरी गाठावी, हेही आज नवलाचेच वाटते.

किताब काही वर्षे गायास्तेगीकडे राहिला. १९६० च्या दशकात मात्र लुसियानो हुआरिस्ती याने तो पुन्हा अस्कोइतियात आणला. मैदानात त्याला 'अतानो दहावा' म्हणत.

अतानो तिसरा २००१ मध्ये निवर्तला. सान सेबास्तियान शहरातील पेलोटाच्या मैदानाला त्याचे नाव देण्यात आले आहे. त्याला हरवणारा गायास्तेगी शंभरी गाठून २०१९ मध्ये गेला.