आचार्य प्रफुल्लचंद्र राय

इ. स. १९२० च्या जानेवारी महिन्यात नागपूर शहरी देशातील शास्त्रज्ञांची एक मोठी सभा भरली होती. भारतीय विज्ञान परिषदेचे ते सातवे अधिवेशन होय. त्याच सालच्या डिसेंबरात नागपुरास राष्ट्रीय सभा भरली व असहकाराचा ठराव मंजूर झाला, हे बहुतेकांस ठाऊक असते. परंतु जानेवारीतील सभेची आठवण सहसा कोणी काढीत नाही. तिच्या अध्यक्षस्थानी शरीराने कृश, प्रकृतीने अशक्त व वेषाने अगदी साधे असे ५८ वर्षांचे एक बंगाली गृहस्थ बसले होते. ते रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय होत. मिळविलेल्या विद्येचे व हाती आलेल्या वेतनाचे मनुष्याने काय करावे, ह्या प्रश्नास त्यांनी आपल्या आचरणाने उत्तर दिले. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रफुल्लचंद्रांचा जन्म ता. २ ऑगस्ट १८६१ रोजी बंगालातील राडुली ह्या खेड्यात झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. त्यांचे वडील हरिश्चंद्र राय हे जमीनदार असून त्यांस ग्रंथांची मोठी आवड होती, व गावातील मुलांकरिता त्यांनी शाळाही काढली होती. मुलांच्या शिक्षणासाठी हे कुटुंब १८७० साली कलकत्त्यास येऊन राहिले. तेथे काही वर्षांतच प्रफुल्लचंद्रांस आमांशाचा कठीण विकार जडला व शाळा सोडून घरी बसावे लागले. ह्या दुखण्याने त्यांचे पोट जन्माचे नाजूक झाले. मोजके अन्न व ठरलेली वेळ हा नियम त्यांस अखेरपर्यंत पाळावा लागला. परंतु घरी बसावे लागले तो काळ त्यांनी व्यर्थ दवडला नाही. वडिलांच्या पुस्तकांतून जे हाती येईल ते त्यांनी वाचून काढले. पुढे वडिलांस कर्ज झाले, बरीचशी मिळकत गेली, आणि मुलास विलायतेस पाठविण्याची आशा उरली नाही.

तेव्हा प्रफुल्लचंद्रांनी गिलख्रिस्ट शिष्यवृत्तीच्या परीक्षेची तयारी गुपचूप आरंभिली. ती शिष्यवृत्ती साऱ्या देशात अगदी थोड्यांस मिळत असे. ते उत्तीर्ण झाले आणि १८८२ साली स्कॉटलंडातील एडिंबरो येथील विश्वविद्यालयात दाखल झाले. तेथे क्रम ब्राऊन नावाच्या विद्वान अध्यापकाच्या हाताखाली त्यांनी रसायनशास्त्राचा अभ्यास केला. सजीवांशी निगडित अशा द्रव्यांचा विचार करणारे ते सेंद्रिय रसायन, आणि धातू, क्षार, खनिजे ह्यांचा विचार करणारे ते निरिंद्रिय रसायन. ह्यांपैकी दुसरी शाखा प्रफुल्लचंद्रांनी आपली मानली. १८८७ साली त्यांस डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी मिळाली व पुढल्या वर्षी ते स्वदेशी परतले. कलकत्त्यास उतरल्यावर त्यांनी प्रथम कोणते काम केले म्हणाल, तर मित्राकडून धोतर व चादर उसनी घेऊन साहेबी पोषाख उतरून ठेविला.

एवढी मोठी पदवी असताही त्यांस सुमारे एक वर्ष नोकरीवाचून काढावे लागले. ह्या काळात त्यांचे मित्र जगदीशचंद्र बसू ह्यांनी त्यांस आपल्या घरी आश्रय दिला. अखेर १८८९ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांची नेमणूक झाली. वेतन दरमहा २५० रुपये. शिक्षणखात्याची वरची श्रेणी त्या काळी बहुतांशी युरोपियनांकरिताच राखलेली असे, व तिचे वेतन पुष्कळ अधिक असे. योग्यता असूनही प्रफुल्लचंद्रांस खालच्या श्रेणीत घालण्यात आले. त्यांनी वरिष्ठांकडे दाद मागितली. परंतु हे पसंत नसेल तर दुसरा उद्योग पाहावा, अशा अर्थाचे उत्तर मिळाले. हा अपमान त्यांच्या जिव्हारी लागला. तरी त्यांनी काम टाकले नाही, व कामात कसूरही केली नाही. अन्यायाविषयी तक्रार करणे आणि हातचे काम चोख करणे ह्या दोन गोष्टी एकाच मनुष्यास साधतात, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते.

प्रथम त्यांनी जे संशोधन हाती घेतले ते गोरगरिबांच्या चुलीपाशी येऊन पोहोचणारे होते. बाजारातील तूप व मोहरीचे तेल ह्यांत भेसळ किती होते व ती ओळखावी कशी, ह्याचा त्यांनी तीन वर्षे कसून अभ्यास केला. नंतर ते पाऱ्याकडे वळले. सोनार वापरतात तो शोऱ्याचा तेजाब पाणी घालून सौम्य करावा व थंड जागी त्यात पारा ठेवावा, असा त्यांचा प्रयोग चालला होता. अशा वेळी पिवळ्या रंगाचे स्फटिक जमू लागलेले त्यांस दिसले. दुसरा कोणी असता तर मळ म्हणून त्याने ते टाकून दिले असते. प्रफुल्लचंद्रांनी ते वेगळे काढून तपासले, तो पाऱ्याचा नायट्राइट नावाचा क्षार आढळला. ह्या क्षाराचे दोन्ही घटक स्वभावतः अस्थिर. ते एकत्र येऊन टिकतील असे कोणास वाटले नव्हते. हा शोध त्यांनी १८९६ साली प्रसिद्ध केला. ह्या एका क्षारापासून त्यांस पुढील पुष्कळ वर्षांचे काम मिळाले. अमोनियम नायट्राइट हा क्षार उष्णतेने सहज फुटतो अशी समजूत होती. परंतु विशिष्ट रीतीने तापविल्यास तो न फुटता त्याची वाफ होते, असे त्यांनी सिद्ध केले व १९१२ साली लंडनच्या रसायनज्ञांपुढे मांडले.

आपली खरी मिळकत म्हणजे आपले विद्यार्थी, असे ते मानीत. मोठे अध्यापक बहुधा वरचे वर्ग घेतात. हे मात्र नव्याने आलेल्या मुलांस स्वतः शिकवीत, कारण मडके ओले असतानाच त्यास आकार देता येतो. ते वर्गात जळलेल्या हाडाची राख चिमूटभर जिभेवर ठेवीत, असे त्यांचे विद्यार्थी सांगत असत. अग्नीतून गेल्यावर हाड हाड राहत नाही, केवळ एक शुद्ध क्षार उरतो, मग त्याचा विटाळ कसला, हे मुलांस त्या एका कृतीने समजे. शास्त्र मातृभाषेतून शिकवावे असा त्यांचा आग्रह असे. ते ब्राह्मसमाजाचे अनुयायी असून जातिभेद मानीत नसत. मेघनाद साहा ह्या गरीब खेडवळ घरच्या मुलास जातीवरून कलकत्त्याच्या वसतिगृहात कमीपणा सोसावा लागे. तोच प्रफुल्लचंद्रांचा शिष्य होऊन पुढे जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ झाला.

देशातील तरुण केवळ कारकुनीकडे डोळे लावून बसतात ह्याचे त्यांस फार दुःख होई. म्हणून १८९२ साली सुमारे ७०० रुपयांच्या भांडवलावर त्यांनी राहत्या घरीच औषधे करण्याचा कारखाना काढला. तोच पुढे बंगाल केमिकल ह्या नावाने प्रसिद्धीस आला. औषधाकरिता हाडांचा क्षार हवा होता. त्यासाठी खाटकांकडील हाडे आणून त्यांनी घराच्या गच्चीवर वाळत घातली. कावळे जमले, दुर्गंधी सुटली, शेजारी संतापले. तेव्हा ती हाडे गावाबाहेर नेऊन जाळावी लागली, आणि तेथेही खुनाच्या संशयाने पोलीस आले! कॉलेजातून थकून आल्यावर ते हे काम करीत, आणि १९०१ साली हा उद्योग मर्यादित कंपनीच्या स्वाधीन झाला.

आमच्या महाराष्ट्राचे गोपाळ कृष्ण गोखले कलकत्त्यास असत तेव्हा प्रफुल्लचंद्र त्यांचे शेजारी व स्नेही होते. गोखल्यांनीच त्यांची ओळख गांधींशी करून दिली. प्रफुल्लचंद्रांस त्या वेळी ८०० रुपये वेतन असून त्यांतील अवघे ४० रुपये ते स्वतःकरिता ठेवितात व बाकीचे लोककार्यास देतात, ही नोंद गांधींनी आपल्या आत्मचरित्रात करून ठेविली आहे. ते अविवाहित राहिले.

भारतातील प्राचीन रसायनविद्येचा इतिहास लिहिणे हे त्यांचे आणखी एक मोठे कार्य. जुन्या पोथ्या जमवून व वाचून त्यांनी १९०२ व १९०९ साली ह्या ग्रंथाचे दोन भाग प्रसिद्ध केले. नागपूरजवळील रामटेकच्या परिसरात ज्या नागार्जुनाचे नाव लोक आजही घेतात, त्या नावाने चालत आलेल्या रसविद्येचा विचार ह्या ग्रंथात आहे. पुढे १९२२ साली रसायनातील उत्तम संशोधनाकरिता त्यांनी १०,००० रुपये देऊन जे पारितोषिक ठेविले, त्यासही नागार्जुनाचेच नाव दिले.

१९१६ साली सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन ते कलकत्ता विश्वविद्यालयाच्या विज्ञान महाविद्यालयात अध्यापक झाले, आणि १९१९ साली त्यांस सर हा किताब मिळाला. अशा मानाच्या दिवसांत ते नागपुरास आले, व अर्वाचीन काळी ह्या देशात उगवू लागलेल्या विज्ञानाच्या पहाटेविषयी त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. दुसऱ्याच वर्षी, वयाची ६० वर्षे पुरी झाली तेव्हा, ह्यापुढील आपले सर्व वेतन त्यांनी विश्वविद्यालयास रसायनशास्त्राच्या वाढीकरिता देऊन टाकिले. १९३६ सालापर्यंत, म्हणजे आणखी १५ वर्षे, ते असे काम करीत राहिले. १९२२ साली उत्तर बंगालात मोठा पूर आला तेव्हा ह्या वृद्धाने मदतकार्याची धुरा उचलली. शास्त्राभ्यासाच्या त्या इमारतीत कपडे व धान्य ह्यांचे ढीग लागले. १९२४ साली स्थापन झालेल्या भारतीय रसायन संस्थेचे पहिले अध्यक्षही तेच होते. चरखा व खादी ह्यांचाही त्यांनी खेडोपाडी प्रचार केला.

ता. १६ जून १९४४ रोजी, विज्ञान महाविद्यालयातील ज्या साध्या खोलीत ते इतकी वर्षे राहिले, तेथेच त्यांचा अंत झाला.

वाचकहो, आपल्यापैकी कित्येक जण अल्प वेतनावर खेड्यात शिकविण्याचे काम करीत आहेत. आपल्या श्रमाचे मोल वरच्यांस कळत नाही, असे मनात येऊन पुष्कळदा हात गळून जातात. प्रफुल्लचंद्रांसही योग्यतेपेक्षा कमीच देण्यात आले होते. परंतु इतरांनी लाविलेल्या किमतीवरून त्यांनी आपले काम बेतले नाही. वर्गातील अगदी नवे मूल आणि बरणीच्या तळाशी जमलेले चार पिवळे कण, ह्या दोहोंकडे त्यांनी सारख्याच आस्थेने पाहिले. ती दृष्टी ज्यास आली, त्याचे खेड्यातील काम लहान राहत नाही, असे आम्हांस वाटते.