घड्याळाशी शर्यत

फिनलंडमधील तुर्कू या गावी १३ जून १८९७ रोजी पावो नुर्मीचा जन्म झाला. लहानपणीच पितृछत्र हरपल्यामुळे त्याला शाळा सोडावी लागली. मालाच्या जड गाड्या ढकलीत तो स्टेशनाजवळचे चढ चढू लागला. पोटासाठी केलेल्या त्या कष्टांनीच त्याचे पाय बळकट झाले.

१९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिक सामन्यांत त्याने तीन सुवर्णपदके जिंकली. परंतु ५,००० मीटरांच्या शर्यतीत शेवटच्या टप्प्यात एका फ्रेंच धावपटूने त्याला मागे टाकले. हा पराभव त्याच्या जिव्हारी लागला. मात्र खचून न जाता त्याने आपल्या सरावातील उणिवा शोधल्या. केवळ लांब व संथ चालण्याधावण्याने वेग वाढत नाही, हे त्याने ओळखले आणि जलद धावण्याचा सराव सुरू केला. हाती घड्याळ घेऊन तो प्रत्येक फेरीचा वेळ पाही व आपली शक्ती शेवटपर्यंत सारखी वाटून देई.

१९२४ साली पॅरिसमध्ये १,५०० व ५,००० मीटरांच्या अंतिम शर्यती एकाच दिवशी, थोड्याच अंतराने होत्या. म्हणून जूनमध्ये हेलसिंकी येथे त्याने एका तासाच्या अंतराने त्या दोन्ही धावून पाहिल्या आणि दोन जागतिक विक्रम केले! पुढे १० जुलै रोजी पॅरिसमध्ये त्याने दोन्ही सुवर्णपदके मिळविली.

धावण्यासाठी पैसे घेतल्याच्या आरोपावरून १९३२ साली त्याला ऑलिंपिकमध्ये भाग घेण्यास बंदी झाली. तथापि १९५२ साली हेलसिंकीच्या क्रीडांगणात ऑलिंपिक ज्योत घेऊन पंचावन्न वर्षांचा नुर्मी धावत आला, तेव्हा प्रेक्षकांनी त्याचा जयजयकार केला. १९७३ साली तो निवर्तला.