अंगणातला हिमकणवेडा : विल्सन बेंटले



डिसेंबर उजाडला की आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचे कॅमेरे कपाटात जातात. आभाळ करडे, झाडे बोडकी, साडेचारलाच अंधार. फोटो काढायचा तरी कशाचा? घराभोवतीच्या बर्फाशी आमचा संबंध फावड्यापुरताच. पण अशाच दिवसांची आयुष्यभर आतुरतेने वाट पाहणारा एक शेतकरी इथे अमेरिकेत होऊन गेला.

विल्सन बेंटले यांचा जन्म ९ फेब्रुवारी १८६५ रोजी व्हरमाँट राज्यातील जेरिको या गावी झाला. आई पूर्वी शिक्षिका होती. त्यांचे बरेचसे शिक्षण तिच्याकडे घरीच झाले. ते १५ वर्षांचे असताना तिने दिलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हिमकण पाहिले आणि ते हरखून गेले. त्यांची चित्रे काढू लागले, पण चित्र पुरे होण्याआधीच हिमकण वितळून जाई. मग कॅमेऱ्याचा ध्यास लागला. वडिलांना हा रिकामा उद्योग वाटे, तरी कॅमेरा घेतला गेला. अनेक प्रयत्न फसल्यावर १५ जानेवारी १८८५ रोजी पहिला फोटो साधला. तेव्हा ते १९ वर्षांचे होते.

त्यांची पद्धत पाहून आमच्यातला इंजिनियर खूश झाला. घरामागच्या थंडगार शेडमध्ये काम चाले, कारण ऊब म्हणजे हिमकणाचा अंत. काळ्या फळीवर बर्फ झेलायचा, चांगला कण बारीक काडीने काचेवर ठेवायचा, पिसाने हलकेच चपटा बसवायचा, तोही श्वास रोखून! सूक्ष्मदर्शक कॅमेऱ्याला जोडलेला असे, आणि उजेड खिडकीतून येणारा, म्हणजे ढगाळ आभाळाचाच. आम्ही ज्या प्रकाशाला नावे ठेवतो, त्यावरच त्यांचे काम भागले.

शेजाऱ्यांना हे वेडच वाटे. जर्मनीतील हवामानतज्ज्ञ गुस्ताव हेलमान यांनी तर फोटोंत फेरफार केल्याचा आरोप केला. बेंटले निगेटिव्हवरील हिमकणाभोवतीचा काळा थर चाकूने खरवडून काढत, हे खरे. शिवाय ते सुबक कण निवडत. प्रत्यक्षात बहुतेक हिमकण वेडेवाकडेच असतात. तरीही त्यांच्या संग्रहाचे मोल कमी होत नाही. दुधाचा धंदा सांभाळून त्यांनी ५००० हून अधिक फोटो काढले आणि काचेच्या स्लाइड्स अगदी स्वस्तात, ५ सेंटला एक अशा विकल्या.

पाऊसही त्यांनी सोडला नाही. ताटलीत पीठ पसरून त्यावर थेंब पडू द्यायचे. पिठाच्या ज्या गोळ्या होत, त्यांवरून थेंबांचा आकार मोजायचा. हे निष्कर्ष १९०४ साली प्रसिद्ध झाले. प्रयोगशाळा कुठली, तर अंगण आणि स्वयंपाकघर!

१९३१ च्या नोव्हेंबरमध्ये हवामान खात्यातील शास्त्रज्ञ डब्ल्यू. जे. हम्फ्रीज यांच्यासह त्यांचे 'स्नो क्रिस्टल्स' हे पुस्तक निघाले. त्यात २००० हून अधिक छायाचित्रे आहेत. पुढच्याच महिन्यात हिमवादळातून पायी घरी आल्यावर त्यांना न्यूमोनिया झाला आणि २३ डिसेंबरला त्याच शेतघरात त्यांचे निधन झाले. आयुष्यभराचे काम पुस्तकरूपात पाहायला जेमतेम काही आठवडेच मिळाले.

मंडळी, पुढच्या हिमवर्षावात काळ्या कापडाचा तुकडा आधी बाहेर ठेवून गार करा, त्यावर बर्फ झेला आणि भिंगातून पाहा. मुलांनाही बरोबर घ्या. फोनचा कॅमेराही चालेल. फक्त श्वास जपून! आणि फोटो मंडळाकडे जरूर पाठवा.