नाथांच्या घरचा स्वयंपाक

संत एकनाथ महाराजांचे नाव घेतले की आपल्याला एकनाथी भागवत आठवते, भारुडे आठवतात, तहानलेल्या गाढवाला पाजलेले गंगेचे पाणी आठवते. नाथांच्या चरित्रात आणखी एक जागा आहे, तिच्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. ती म्हणजे त्यांच्या घरचे स्वयंपाकघर. त्यांच्या आयुष्यातले बरेच कसोटीचे प्रसंग चुलीजवळ किंवा पंगतीत घडलेले आहेत. पैठणला आज आपण ज्याला गावातले नाथमंदिर म्हणतो तो नाथांचा राहता वाडाच. घराचेच मंदिर झाले, तेव्हा त्या मंदिराचे पहिले आचारी, पहिले पाणके आणि पहिले वाढपी नाथांच्या घरचीच माणसे होती.

आपल्या हैदराबादच्या मराठी घरांना पैठण परके नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत पैठण आणि हैदराबाद एकाच राज्यात होते. आपल्यापैकी अनेकांचे आजोबा-पणजोबा औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड या जिल्ह्यांतून नोकरी-शिक्षणासाठी इकडे आले आणि सुलतान बाजार, काचीगुडा, गौलीगुडा या भागांत राहिले. नाथषष्ठीच्या वारीचा रिवाजही त्यांनी बरोबर आणला.

नाथांचा जन्म पैठणचा, इ.स. १५३३ च्या सुमाराचा. वडील सूर्यनारायण आणि आई रुक्मिणी ही दोघेही लवकर गेली. आजोबा चक्रपाणी यांनी नातवाला वाढवले. चक्रपाणींचे वडील म्हणजे संत भानुदास. विजयनगरला नेलेली विठ्ठलाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असे वारकरी परंपरा मानते.

वयाच्या बाराव्या वर्षाच्या आसपास एकनाथ घर सोडून देवगिरीला जनार्दनस्वामींकडे गेले. स्वामी किल्ल्याचे अधिकारी होते. राजाची चाकरी आणि देवाची भक्ती ते दोन्ही करत. त्यांनी शिष्याला हिशेब लिहायला बसवले. एका पैची चूक सापडेना म्हणून एकनाथ रात्रभर दिव्यापाशी बसून राहिले आणि पहाटे ती सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवू लागले, ही गोष्ट सर्वांना माहीत आहे. आमच्यासारख्या सरकारी कचेरीत ताळेबंद जुळवणाऱ्यांना ती विशेष जवळची वाटते. एका पैसाठी जी एकाग्रता लागते तीच देवाकडे लावावी, हा स्वामींचा उपदेश त्यातून आला.

पुढे तीर्थयात्रा करून नाथ पैठणला परतले आणि गुरूंच्या आज्ञेने गृहस्थाश्रमी झाले. पत्नीचे नाव गिरिजाबाई. त्यांना गोदावरी आणि गंगा या दोन मुली आणि हरी हा मुलगा. कवी मुक्तेश्वर हा नाथांच्या मुलीचा मुलगा. नाथांचा दिवस ठरलेला असे : पहाटे स्नान, पूजा, ग्रंथलेखन, दुपारी अतिथींसह भोजन, संध्याकाळी पुराण आणि रात्री कीर्तन. इ.स. १५७३ मध्ये त्यांनी काशीत भागवताची टीका पूर्ण केली आणि १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. एवढे लेखन ज्या घरात झाले त्या घरात रोज पंगत उठत होती. ती कोणाच्या कष्टावर उठत होती हे विचारले, तर पहिले नाव गिरिजाबाईंचे घ्यावे लागते.

चरित्रकारांनी सांगितलेली एक गोष्ट अशी. नाथांना राग आणून दाखवला तर पैसे मिळतील या पैजेवर एक जण त्यांच्या घरी आला. नाथ चिडेनात. जेवताना गिरिजाबाई वाढायला वाकल्या, तेव्हा तो सरळ त्यांच्या पाठीवर जाऊन बसला. नाथांनी पत्नीला एवढेच सांगितले की पाहुणा पडणार नाही असे बघा. गिरिजाबाईंनी उत्तर दिले की हरीला पाठीवर घेऊन कामे करायची सवय आहे, हे लेकरू काही पडायचे नाही. ही गोष्ट नाथांच्या शांतीची म्हणून सांगितली जाते. पण पाठीवर मूल घेऊन शेकडो पाने वाढणाऱ्या बाईचीही ती गोष्ट आहे.

दुसरा प्रसंग पावसाळ्यातला. रात्री उशिरा काही ब्राह्मण भिजून दारी आले. शिधा होता, पण सरपण सगळे ओले. मोठ्या स्वयंपाकघरात काम केलेला माणूस सांगेल की धान्याइतकीच चिंता जळणाची असते. नाथांनी आपला पलंग मोडला आणि त्याची लाकडे चुलीत घातली. पाहुणे शेकले आणि जेवलेही.

पाण्याची गोष्ट श्रीखंड्याची. गोदेवरून कावडीने पाणी आणणारा, पूजेचे चंदन उगाळणारा हा नोकर बारा वर्षे नाथांच्या घरी राबला. तो प्रत्यक्ष श्रीकृष्ण होता, हे तो निघून गेल्यावर कळले, अशी श्रद्धा आहे. तो ज्या रांजणात पाणी भरत असे तो रांजण वाड्यात आजही दाखवतात. नाथषष्ठीच्या उत्सवात भाविक तो पाण्याने भरतात. देवाला घरात आणायचे तर गादीवर बसवून आणता आले असते. आपल्या लोकांनी त्याला पाणक्या म्हणून आणले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

आता सर्वांत अवघड प्रसंग. पितरांच्या श्राद्धाचा दिवस होता. सोवळ्यात स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. घरामागून त्या काळी अस्पृश्य मानलेले एक कुटुंब चालले होते. अन्नाचा वास येताच लेकरांनी आईकडे हट्ट धरला. असले अन्न आपल्या नशिबी नाही, असे आई समजावत होती. ते नाथ आणि गिरिजाबाई दोघांच्याही कानी पडले. त्यांनी त्या कुटुंबाला बोलावून पोटभर जेवू घातले. मग घर सारवून, आंघोळी करून, गिरिजाबाईंनी सगळा स्वयंपाक पुन्हा रांधला. तरीही ब्राह्मण जेवायला आले नाहीत. तेव्हा पितर स्वतः पानावर येऊन बसले, असे भक्तचरित्रे सांगतात. पितर आले की नाही हा श्रद्धेचा भाग सोडला, तरी नाथांनी काय पणाला लावले ते स्पष्ट आहे. पैठण हे धर्मपीठ होते. तिथे वाळीत पडणे म्हणजे मुलामुलींची लग्ने, घरची कार्ये, सगळेच अडणे. एका दुपारच्या जेवणासाठी त्यांनी हे पत्करले.

विरोध घरातूनही झाला. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान आणि कर्मठ. वडील प्राकृतात पुराण सांगतात, कोणाच्याही घरी जेवतात, हे त्याला सोसेना. तो काशीला निघून गेला. नाथ त्याला परत आणायला गेले, तेव्हा त्याने अटी घातल्या : प्राकृतात पुराण सांगायचे नाही आणि परान्न घ्यायचे नाही. नाथांनी त्या मान्य केल्या. एका म्हाताऱ्या बाईने हजार ब्राह्मणांना भोजन घालण्याचा संकल्प केला होता, पण आता तिच्याकडे काही उरले नव्हते. नाथांना जेवू घातले की संकल्प पुरा होईल, असे तिला सांगण्यात आले. अट मोडू नये म्हणून नाथांनी हरिपंडितालाच तिच्याकडे स्वयंपाक करायला सांगितले. एवढा मोठा शास्त्री गरीब बाईच्या चुलीपुढे बसला. जेवण झाल्यावर वडिलांचे उष्टे पान उचलायला तो वाकला, तर एका पानाखाली दुसरे पान, त्याखाली तिसरे, अशी हजार पाने निघाली, अशी कथा आहे. त्यानंतर त्याने अटी सोडल्या. बापलेकाचा जो वाद शास्त्रार्थाने मिटला नव्हता तो रांधताना आणि उष्टी काढताना मिटला.

याच स्वयंपाकघराच्या ओढीने गावबा नावाचा मुलगा नाथांकडे राहिला. त्याला रोज पुरणपोळी हवी असे, म्हणून लोक चेष्टा करत. नाथांनी त्याला कधी हिणवले नाही. इ.स. १५९९ मध्ये फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी गोदावरीत देह ठेवला, तेव्हा भावार्थ रामायण युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले होते. पुढचे रामायण या गावबानेच पुरे केले. पोळीसाठी आलेल्या पोराला मंदबुद्धी म्हणून हाकलले असते तर तो ग्रंथ अपुराच राहिला असता.

आज गौलीगुड्यात राममंदिर आहे आणि गुरुद्वाराही आहे. गुरुद्वारात जात न विचारता लंगर चालतो. आपल्या मंडळातही गणपतीचे दहा दिवस प्रसाद होतो, शेवटी महाप्रसादाची पंगत बसते. पूर्वी आपल्या आया-मावश्या पहाटेपासून वाटण-घाटण करत. आता बहुधा आचारी बोलावतो, आणि त्यात गैर काही नाही. पण मांडवामागे घामाने निथळत उभा असलेला आचारी, भांडी घासणाऱ्या बाया आणि त्यांची लेकरे शेवटी उरलेसुरले घेऊन निघून जातात. यंदा त्यांची पाने आपल्याच पंगतीत मांडावीत आणि मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी ती वाढावीत. नाथषष्ठीला पैठणला जाणे सर्वांना जमत नाही, पण नाथांच्या घरची ही रीत इथेही पाळता येईल.

गणपती बाप्पा मोरया!