धोतराच्या गाठीखाली

डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांचे नाव इंदूरच्या मराठी घरांतून आज क्वचितच निघते. गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात १८९५ साली त्यांचा जन्म झाला. आम्ही घरी कोंकणी बोलणारे. तेव्हा या नावाविषयी आम्हांस अंमळ अधिक आपुलकी वाटते, हे कबूल केले पाहिजे. लंडन विद्यापीठाची एम. डी. पदवी घेऊन ते मुंबईस परतले, विकृतिशास्त्र शिकवू लागले आणि पुढे १९४१ साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयातील प्रयोगशाळांची सूत्रे त्यांच्याकडे आली.

काही रुग्णांच्या कमरेवर, नेमक्या वस्त्राच्या गाठीखाली, त्वचेचा कर्करोग आढळे. तो तेथेच का व्हावा? खानोलकरांनी सूक्ष्मदर्शकाखालच्या पेशींबरोबर रुग्णाच्या नेसण्याकडेही पाहिले. घट्ट नेसलेले धोतर वर्षानुवर्षे एकाच जागी काचते. कातडी जाड होते, तिचा रंग पालटतो, व्रण पडतो, भरतो आणि पुन्हा उघडतो. १९४५ साली सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी या रोगाची आणि तंबाखूच्या काही सवयींतून तोंडात होणाऱ्या कर्करोगांची नोंद केली. पंचाच्या काचाला रोगाचे कारण मानणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती.

पेशीच्या आत काय घडते, हे मात्र त्या काळी कोणास सांगता येत नव्हते. डीएनएची रचनाच १९५३ साली उलगडली. आता आपण जाणतो की डीएनएस इजा झाली म्हणजे पी-५३ नावाचे प्रथिन पेशीचे विभाजन रोखून दुरुस्तीस अवधी देते. दुरुस्ती न साधल्यास ती पेशी मरते. कडक उन्हाने सोलवटणारी कातडी अशाच मृत पेशींची असते. परंतु न भरणाऱ्या व्रणात पेशींना पुनःपुन्हा विभागावे लागते, दाहातून निघणारी द्रव्ये डीएनएस डिवचतात, आणि एखादी चूक पहाऱ्यातून निसटली की तिचा वंश वाढतो.

भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे संचालकपद, पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद, हे सारे त्यांना लाभले. १९७८ साली ते निवर्तले.

२०२४ साली वर्धा व बिहार येथील डॉक्टरांनी घट्ट परकराच्या नाडीखाली असाच कर्करोग झालेल्या दोन वृद्ध स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. ती आम्ही वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलाने आपल्या आजीच्या कमरेवर जुना न भरणारा व्रण असल्याचे सांगितले. त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या घरी गेलो.