निळ्या धाग्याची नोंदवही

ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोच्या पश्चिम भागात मनोरुग्णांची एक विस्तीर्ण वसाहत होती. तेथील निळा गणवेश अंगावर चढला, की माणसाचे नाव मागे पडे आणि क्रमांक तेवढा उरे. आर्थर बिस्पो दो रोझारिओ यांचा क्रमांक होता ०१६६२.

ईशान्येकडील जापारातुबा या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात ते जन्मले. नौदलाच्या दप्तरात जन्मवर्ष १९०९, तर वीज कंपनीच्या दप्तरात १९११. तारुण्यात ते खलाशी होते, मुष्टियोद्धे होते. पुढे एका कुटुंबाकडे घरकामाला राहिले. २२ डिसेंबर १९३८ च्या रात्री त्यांना देवदूतांचे दर्शन घडले. दोनच दिवसांनी त्यांची रवानगी मनोरुग्णालयात झाली आणि तेथून या वसाहतीत. मधली काही वर्षे त्यांनी बाहेर नोकरी केली. १९६४ पासून मात्र ते अखेरपर्यंत तेथेच राहिले.

जगातील यच्चयावत वस्तूंची नोंद करून ती ईश्वरापुढे मांडावी, अशी आज्ञा आपल्याला झाली आहे, ही त्यांची श्रद्धा होती. पण कोठडीत साहित्य कुठून येणार? बिस्पो यांनी जुने गणवेश उसवले, त्यांचे सूत उकलले. ज्या कापडाने माणसांची नावे पुसली, त्याच्याच धाग्याने ते नावे भरू लागले. रुग्णालयाच्या चादरींवर त्यांनी जहाजे, देशांचे ध्वज आणि माणसांच्या याद्या भरल्या. टाकून दिलेले पेले, चमचे, बूट, बाटल्या, गुंड्या फळ्यांवर ओळीने मांडल्या. कित्येक वस्तू निळ्या सुताने गुंडाळून काढल्या. अशा आठशेहून अधिक कृती त्यांच्या हातून घडल्या. समीक्षक त्यांना कलाकृती म्हणू लागले, तरी स्वतः बिस्पो यांना तो शब्द मान्य नव्हता. त्यांचे म्हणणे समजून घेण्याऐवजी आपण त्यांना कलावंत ठरवून मोकळे झालो, असे कधी कधी वाटते.

जुन्या ब्लँकेटपासून केलेला एक झगा त्यांनी वर्षानुवर्षे भरला. बाहेरून चिन्हे आणि झालरी. आतल्या अस्तरावर मात्र नावे, बहुतेक स्त्रियांची. अंतिम निवाड्याच्या दिवशी हा झगा लेवून ते ईश्वरासमोर उभे राहणार होते आणि ही नावे सोबत नेणार होते.

५ जुलै १९८९ रोजी बिस्पो निवर्तले. १९९५ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात त्यांच्या कृती ब्राझीलच्या वतीने मांडल्या गेल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय त्याच वसाहतीच्या आवारात उभे आहे. झगा जतन झाला. दफनाच्या वेळी मात्र तो त्यांच्या अंगावर नव्हता.