सुझान लांग्लेन

हौसेनें खेळावें, पैशासाठीं खेळूं नये, असा टेनिसच्या पुढाऱ्यांचा नियम फार वर्षें होता. कांहीं मोबदला न घेतां खेळणारा तो ‘हौशी’ व मोबदला घेणारा तो ‘धंदेवाईक’. विंबल्डनसारख्या मानाच्या सामन्यांचें दार पहिल्यास उघडें, दुसऱ्यास बंद. खेळ शिकवून पोट भरणारा शिक्षकदेखील या दुसऱ्याच वर्गांत गणला जाई. हा भेद 1968 सालीं नाहींसा झाला. परंतु त्याच्या 42 वर्षें आधीं, स्त्री खेळाडूंत जगांत पहिली म्हणून जिची कीर्ति होती तिनें तें दार आपल्याच हातानें लावून घेतलें. ती सुझान लांग्लेन. तिच्या विजयांच्या कथा पुष्कळ ठिकाणीं वाचावयास मिळतात. विजयांनंतर तिनें काय केलें, हें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस अधिक विचार करावयास लावील असें वाटतें.

सुझानचा जन्म ता. 24 मे 1899 रोजीं पॅरिस येथें झाला. तिचे वडील शार्ल लांग्लेन यांना वडिलोपार्जित घोडागाड्यांचा धंदा मिळाला होता. तो विकून ते स्वस्थपणें राहूं लागले. हें कुटुंब एरव्हीं उत्तरेस काँपिएन्य गांवाजवळ राही, आणि हिवाळा आला म्हणजे दक्षिणेस समुद्रकांठच्या नीस शहरीं जाई. मुलीस लहानपणापासून दम्याचा विकार होता. मोकळ्या हवेंत व्यायाम घडला तर तिची प्रकृति सुधारेल, अशा हेतूनें 1910 च्या जून महिन्यांत वडिलांनीं तिला खेळण्यांच्या दुकानांतून एक रॅकेट आणून दिली. थोड्याच महिन्यांत एका सामन्यांत तिनें दुसरा क्रमांक मिळविला, आणि औषध म्हणून सुरू झालेला खेळ बापाच्या आयुष्याचें एकमेव काम होऊन बसला.

शार्ल लांग्लेन स्वतः मोठे खेळाडू नव्हते. पण पाहण्याची दृष्टि त्यांना होती. नीस येथें हिवाळ्यांत उत्तमोत्तम खेळाडू येत. त्यांचें खेळणें ते बारकाईनें न्याहाळीत, आणि पुरुषांचा जोरकस खेळ आपल्या मुलीस कां येऊं नये, असा प्रश्न स्वतःस विचारीत. मग तिला पुरुषांबरोबरच सराव करावयास लावीत. मैदानावर ठिकठिकाणीं हातरुमाल पसरून ठेवावयाचे व चेंडू नेमका त्या रुमालावर पाडावयाचा, असा अभ्यास तासच्या तास चाले. रुमालावर चेंडू पडूं लागला कीं त्याची घडी घालून तो लहान करावयाचा! चुकल्यास चारचौघांसमक्ष बोलणीं बसत. या शिक्षणानें चेंडू तिच्या इच्छेप्रमाणें कोठेंही जाऊन पडूं लागला, हें खरें. पण मैदानावरील तिचें रडणें, रुसणें व अचानक आजारी पडणें यांचें मूळही याच शिक्षणांत होतें, असें मानावयास जागा आहे. आपलें मूल पुढें यावें म्हणून झटणाऱ्या पालकांनीं या कथेचा उत्तरार्ध वाचल्याशिवाय शार्लचें अनुकरण करूं नये.

1914 सालीं, वयाला पंधरा वर्षें पुरीं होऊन थोडे दिवस झाले असतां, पॅरिसजवळ सँ-क्लू येथें भरलेल्या पक्क्या मैदानावरील जागतिक सामन्यांत सुझान अजिंक्य ठरली. लगेच महायुद्ध सुरू झालें. सामने बंद पडले, आणि नवयौवनाचीं चार वर्षें केवळ सरावांत गेलीं.

1919 सालीं ती प्रथमच विंबल्डनला गेली. हिरवळीच्या मैदानावर ती तत्पूर्वीं सामने खेळलेली नव्हती. अखेरच्या सामन्यांत समोर उभ्या होत्या डोरोथिया लँबर्ट चेंबर्स. वय चाळीस, दोन मुलांची आई, आणि सात वेळां विंबल्डन जिंकलेली धीराची बाई. राजे पंचम जॉर्ज व राणी मेरी सामना पाहावयास आलेलीं होतीं. पहिला सेट सुझानचा 10-8, दुसरा चेंबर्सबाईंचा 6-4. तिसऱ्यांत चेंबर्सबाई 6-5 नें पुढें गेल्या व विजयास एकच गुण उरला. तोही एकदां नव्हे, दोनदां. त्यांतील एका वेळीं सुझानचा चेंडू रॅकेटच्या लांकडी कडेस लागून कसाबसा जाळीपलीकडे पडला. दैवानें हात दिला तो दिला. पुढचें काम तिनें केलें. सेट 9-7 नें जिंकून ती विजयी झाली. एकंदर 44 गेमांचा हा सामना विंबल्डनच्या स्त्रियांच्या अंतिम सामन्यांत 1970 पर्यंत सर्वांत लांब राहिला. सामन्याच्या मध्यंतरीं बाप प्रेक्षकांतून मद्यांत भिजविलेली साखर तिच्याकडे फेकीत असे, हें येथें लपवून ठेवण्यांत अर्थ नाहीं. ती संवय आमच्या मुलांनीं उचलावी अशी कोणाचीही इच्छा नसेल.

त्या दिवशीं लोकांच्या डोळ्यांत खेळाइतकाच तिचा वेषही भरला. तोंवर स्त्रिया घट्ट कांचोळ्या, लांब बाह्या व घोट्यापर्यंतचे घागरे घालून खेळत. असल्या वेषांत धांवावें कसें? सुझान पोटरीपर्यंतचा हलका झगा घालून, उघड्या दंडांनीं मैदानावर आली. कित्येकांनीं नाकें मुरडलीं. पुढें ती डोकीस रंगीत रेशमी पट्टी बांधूं लागली, आणि तीच तिची ओळख झाली. तिचे कपडे पॅरिसचे नामांकित शिंपी जाँ पातू हे बेतीत. नटवेपणाचा भाग त्यांत होताच. परंतु मुलींना मोकळेपणीं पळतां, उडी मारतां यावें ही गोष्ट या वेषानें सिद्ध झाली, आणि मुलींच्या शाळांना तिचे उपकार मानावयास हरकत नाहीं. चेंडू घेतांना ती हरिणीसारखी उडी मारी, तेव्हां नृत्यांगना पाहत आहों असा प्रेक्षकांस भास होई.

यापुढील सात वर्षांचा हिशेब लवकर आटपतो, कारण त्यांत बहुतेक विजयच आहेत. विंबल्डनचें एकेरी अजिंक्यपद तिनें 1919 ते 1923 व पुन्हा 1925 असें सहा वेळां मिळविलें. एलिझाबेथ रायन या जोडीदारणीसह दुहेरीचेंही तितक्याच वेळां. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्यें एकेरीचें सुवर्णपदक जिंकतांना तिनें सबंध स्पर्धेंत अवघे चार गेम गमावले. 1925 च्या विंबल्डनमध्यें पांच सामन्यांत मिळून पांच! तिला पाहावयास इतकी गर्दी लोटे कीं विंबल्डनचें जुनें मैदान अपुरें पडूं लागलें, व 1922 पासून सामने नव्या, विस्तीर्ण जागेंत भरूं लागले.

अपयश एकदांच आलें, पण तें कडू होतें. 1921 सालीं युद्धांत उद्ध्वस्त झालेल्या फ्रेंच प्रदेशासाठीं निधि जमविण्यास ती अमेरिकेस गेली. वडील बरोबर नव्हते. प्रवासाचा शीण होता. खोकला येत होता. फॉरेस्ट हिल्स येथें मोला मॅलरी या अमेरिकन अजिंक्य बाईकडून पहिला सेट 6-2 नें गमावल्यावर, दुसरा जेमतेम सुरू होतो तोंच सुझान रडत मैदान सोडून गेली. लोकांनीं तिची हुर्यो केली. दुखणें खरें होतें; तथापि हरतांना अखेरपर्यंत उभें राहणें तिला कोणीं शिकविलें नव्हतें, हेंही तितकेंच खरें. पुढच्या वर्षीं विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत तिनें त्याच मॅलरीबाईंना 6-2, 6-0 असें 26 मिनिटांत हरविलें.

ता. 16 फेब्रुवारी 1926 रोजीं कॅन येथें तिची व वीस वर्षांच्या अमेरिकन हेलन विल्सची गांठ पडली. भारी किंमतीचीं तिकिटें संपलीं, तेव्हां लोक झाडांवर व घरांच्या छपरांवर चढून बसले. सुझाननें 6-3, 8-6 असा सामना जिंकला. त्या दोघी एकेरींत पुन्हा कधीं समोरासमोर आल्या नाहींत. या गर्दीचा पैसा क्लबांच्या, हॉटेलवाल्यांच्या व तिकिटांचा काळाबाजार करणाऱ्यांच्या पदरांत पडला. जिच्यासाठीं तो जमला ती ‘हौशी’. तिला एक चषक! पेरणारा एक व कापणारा दुसरा, असा हा न्याय. श्रीमंताच्या मुलीस असा नियम परवडतो. पण आयुष्यांत खेळाशिवाय दुसरें कांहींच शिकविलें गेलें नाहीं, अशा बाईनें करावें काय?

त्याच वर्षीं जूनमध्यें विंबल्डनला अनर्थ ओढवला. सामन्याच्या वेळेविषयीं गैरसमज झाला. राणी मेरी येऊन बसल्या आणि सुझानचा पत्ता नाहीं! तिनें मुद्दाम राणीचा अपमान केला अशी बातमी उठली, आणि आदल्या वर्षापर्यंत तिला डोक्यावर घेणारे प्रेक्षक तिच्यावर उलटले. तिनें सामन्यांतून अंग काढून घेतलें. विंबल्डनवर ती पुन्हा कधीं खेळली नाहीं.

अमेरिकेंतील सी. सी. पाइल नांवाच्या गृहस्थानें तिला 50 हजार डॉलर देऊं केले व तिनें ते उघडपणें स्वीकारले. ता. 9 ऑक्टोबर 1926 रोजीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें सुमारें 13 हजार लोकांसमोर दौऱ्यास आरंभ झाला. गांवोगांवीं मेरी ब्राउन या अमेरिकन बाईशीं तिचे 38 सामने झाले; सर्वच्या सर्व सुझाननें जिंकले. निकाल ठरलेला असला म्हणजे लोक किती दिवस पाहणार? 1927 च्या फेब्रुवारींत दौरा संपला, त्याच वर्षीं ब्रिटनमध्यें थोडेसे सामने झाले, आणि मग खेळावयास कोणी उरलें नाहीं. हौशी मंडळींत परत जाण्यास वाट नव्हती. 1929 सालीं वडीलही वारले.

ज्या काळांत मोठे खेळाडू शिकविण्याचें काम नोकरमाणसाचें समजत, त्या काळांत 1933 सालीं सुझान लांग्लेननें पॅरिसमध्यें टेनिसची शाळा काढली. विंबल्डनची राणी आतां नवशिक्यांच्या हातांतील रॅकेट नीट धरवूं लागली. मुलें येत, प्रौढ स्त्रीपुरुषही येत. पाऊल कसें टाकावें, शरीराचा तोल कसा राखावा, हें ती अगोदर शिकवी. 1937 सालीं मार्गारेट मॉरिस या नृत्यशिक्षिकेसह तिनें सोप्या व्यायामांनीं टेनिस शिकण्याविषयीं एक पुस्तकही प्रसिद्ध केलें. बापानें रुमाल पसरून जें तिच्याकडून घोटून घेतलें, तें आतां कोणाही सामान्य मुलाला जमेल अशा पायऱ्यांनीं मांडलें जात होतें. शिक्षकाच्या दृष्टीनें मला हा तिच्या चरित्राचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो. उपजत कौशल्य असणाऱ्यास तें दुसऱ्यास उलगडून दाखवितां येतेंच असें नाहीं. 1936 सालीं फ्रेंच टेनिस संघानें या शाळेस आपलें शिक्षणकेंद्र म्हणून मान्यता दिली. खेळाडू म्हणून ज्या मंडळींनीं तिला बाहेर ठेवलें होतें, त्यांना शिक्षिका म्हणून तिची गरज पडली.

पण काळ थोडा होता. 1938 च्या उन्हाळ्यांत ती रक्तक्षयाच्या एका घातक प्रकारानें अंथरुणास खिळली. ता. 2 जुलै रोजीं हेलन विल्सनें आपलें आठवें विंबल्डन जिंकलें. ता. 4 जुलै रोजीं पॅरिसमध्यें सुझान निवर्तली. वय अवघें 39. सँ-वाँ येथील दफनभूमींत तिला मूठमाती देण्यांत आली.

पॅरिसच्या रोलाँ गारोस क्रीडांगणांतील दुसऱ्या क्रमांकाच्या मोठ्या मैदानास 1997 सालीं तिचें नांव देण्यांत आलें. फ्रेंच स्पर्धेंत एकेरी जिंकणाऱ्या स्त्रीस जो चषक मिळतो, तोही तिच्याच नांवाचा आहे. आणि आतां त्या चषकाबरोबर रोख रक्कमही देतात.